तीन नावांचं एकच मूळ

सँडलचा पट्टा लागेना तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ घ्यायचा. त्याच आठवड्यात जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या, रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन मी उठून बसायचे. वय 54, रक्तदाबाच्या गोळ्या सहा वर्षांपासून चालू. मी सगळं वयाच्या खात्यावर टाकून मोकळी झाले.

योगवर्गातल्या मैत्रिणीला सूज दाखवली तर तिचा चेहरा उजळलाच. "अगं, चांगलं लक्षण आहे हे! तू ते हर्बल सुरू केलंयस ना? शरीर साचलेली घाण बाहेर टाकतंय. हीलिंग क्रायसिस म्हणतात ह्याला. आधी वाढतं, मग एकदम उतरतं."

मला पटलं. ज्या गोष्टीला भारदस्त नाव असतं ती खरी वाटते, हे मी नंतर स्वतःला समजावलं. त्या वेळी मात्र इतकाही विचार केला नाही. पंधरा दिवस सूज उतरायची वाट बघत बसले.

सोळाव्या दिवशी नवऱ्याने हाताला धरून फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब 172/104. रक्ताच्या तपासणीत पोटॅशियम 2.9 आलं; ते 3.5च्या खाली जाऊ नये. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला.

"गोळ्यांखेरीज आणखी काय घेता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"म्हणजे औषध असं काही नाही. पित्तासाठी ज्येष्ठमधाचं चूर्ण, सकाळ-संध्याकाळ चमचाभर. दुपारी एक हर्बल चहा असतो. आणि घसा धरला की त्या चघळायच्या गोळ्या."

"तिन्ही वस्तू घेऊन या. आत्ता."

नवरा घरी जाऊन घेऊन आला. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून चहाचं खोकं उलटं केलं आणि तळाशी असलेल्या बारीक अक्षरांवर पेनाचं टोक टेकवलं. घटकांच्या यादीत पहिलं नाव होतं लिकरिस रूट. घशाच्या गोळ्यांच्या पाकिटावर यष्टिमधु घन. चूर्णाच्या डबीवर मोठ्या अक्षरांत ज्येष्ठमध.

"हे तिन्ही एकच आहे," ते म्हणाले.

इथे एक सांगायला हवं. मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्याने लिहिलेलं वाचून चुका काढणं यावर माझं पोट आहे, आणि हे काम मी 26 वर्षं करते आहे. एका पानावर 'ज्येष्ठमध' आणि दुसऱ्या पानावर 'जेष्ठमध' आलं असतं तर झोपेतसुद्धा मला ते टोचलं असतं. आणि माझ्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकच मूळ तीन वेशांत उभं होतं, ते काही मला ओळखू आलं नाही.

डॉक्टरांनी पुढचं समजावून सांगितलं. ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन नावाचं द्रव्य असतं, गोडी त्याचीच. कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडातल्या ठरावीक ठिकाणी जाऊन बसू नये म्हणून तिथे एक विकर, म्हणजे एन्झाइम, पहारा देत असतं. ग्लिसरायझिन त्या पहारेकऱ्याला निकामी करतं. मग कॉर्टिसॉल तिथे भलत्याच संप्रेरकाचं काम करायला लागतं: शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे सोडून देतं. सूज येते, दाब चढतो, स्नायू दुबळे पडतात. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एक लघवी वाढवणारी, तीही पोटॅशियम घालवणारी. म्हणजे दोन्ही बाजूंनी गळती. पोटॅशियम फारच घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, हे त्यांनी शेवटी, आवाज न चढवता सांगितलं.

तिन्ही वस्तू त्याच दिवशी बंद. पोटॅशियमचं बेचव औषध सुरू. दाब पूर्वीच्या जागी यायला जवळजवळ तीन आठवडे गेले, कारण ज्येष्ठमध बंद केल्यावरही त्याचा अंमल काही दिवस राहतो. त्या तीन आठवड्यांत बसल्या बसल्या मी एक जुनी दुरेघी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: ज्येष्ठमध = यष्टिमधु = मुलेठी = लिकरिस = ग्लिसरायझा ग्लाब्रा. शेवटचं ते वनस्पतिशास्त्रातलं नाव. त्यातल्या ग्लिसरायझाचा ग्रीक भाषेत अर्थ 'गोड मूळ' आणि संस्कृतमधल्या यष्टिमधुचा 'गोड काठी'. दोन्हीकडच्या लोकांनी चघळून बघूनच नाव ठेवलेलं दिसतं. त्याखाली आणखी एक नोंद: डीजीएल. काही डब्यांवर ही तीन अक्षरं असतात; त्यातून ग्लिसरायझिन जवळजवळ काढून टाकलेलं असतं. म्हणजे ज्येष्ठमध असूनही ते माझं ज्येष्ठमध नव्हे.

वहीचं पहिलं प्रकरण असं नावांचंच झालं. एका वनस्पतीची पाच नावं असतात हे माझ्या अंगावर निभावलं होतंच. एका नावाच्या दोन-तीन वनस्पती असतात हे त्याहून वाईट. ब्राह्मी म्हणून कुणी बॅकोपा मोनिएरी देतं, कुणी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. शंखपुष्पी तर किमान तीन वेगवेगळ्या झाडांना म्हणतात. यातलं सगळ्यात भीषण उदाहरण बेल्जियमचं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वजन कमी करण्यासाठी बायकांना चिनी वनस्पती असलेल्या गोळ्या दिल्या गेल्या. त्यात स्टेफानिया टेट्रांड्रा असायला हवी होती. चिनीत ती 'फांग ची'. तिच्या जागी आली अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची, जिचं चिनी नाव 'ग्वांग फांग ची'. नावात एका अक्षराचा फरक, पण दुसरीत मूत्रपिंड नासवणारं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. शंभरहून अधिक बायकांची मूत्रपिंडं बिघडली आणि पुढे त्यांतल्या कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. हे वाचलं त्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नाही.

तेव्हापासून डबी हातात आली की मी आधी लॅटिन नाव शोधते, मग वनस्पतीचा कोणता भाग आहे ते. मूळ, साल, पान, बी. एका डबीवर 'पंचांग' लिहिलं होतं. आमच्या घरात पंचांग म्हणजे तिथी-नक्षत्राचं, त्यामुळे ही मुहूर्त बघून तोडलेली वनस्पती असावी अशी माझी दोन दिवस खरोखर समजूत होती. पंचांग म्हणजे झाडाची पाचही अंगं: मूळ, साल, पान, फूल, फळ.

इंग्रजी, लॅटिन, चिनी शब्दांनी मला फारसं फसवलं नाही, हे वही भरत गेली तसं कळत गेलं. ते अडायचे, मग मी शोधायचे आणि अर्थ सापडायचा. फसवलं ते मराठी शब्दांनी, कारण ते मला येतात अशी माझी खात्री होती.

पहिला पित्त. दाब स्थिरावल्यावर डॉक्टरांना सांगूनच मी एका वैद्यबाईंकडे गेले, कारण मुळात ज्या तक्रारीसाठी चूर्ण सुरू केलं होतं ती तशीच होती. खुर्चीत बसले आणि म्हटलं, "मला पित्ताचा त्रास आहे."

"म्हणजे नक्की काय होतं?"

"पित्त होतं."

"ते ऐकलं," त्या हसून म्हणाल्या. "छातीत जळजळतं, की अंगावर गांधी उठतात, की डोकं दुखून उलटी झाली की बरं वाटतं, की सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसलेत? लोक चारही गोष्टींना पित्तच म्हणतात."

मी गप्प. माझ्याच तोंडून गेल्या महिन्याभरात तो शब्द यांतल्या तीन अर्थांनी गेला होता. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. छातीत जळजळ आणि आंबट ढेकर हे अम्लपित्त. गांधी उठतात ते शीतपित्त. डॉक्टर त्याला अर्टिकेरिया म्हणतील आणि त्याचा जठरातल्या आम्लाशी काही संबंध नाही. अर्धशिशीचं डोकं वेगळं. यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा पित्तरस, शाळेच्या पुस्तकातला, तो आणखी वेगळा. आणि आयुर्वेदातला पित्तदोष हा तर यांतला कुठलाच एक पदार्थ नव्हे. पचन, रक्ताचा रंग, बुद्धी, दृष्टी, त्वचेची कांती अशी कामं सांभाळणारं तत्त्व, त्याचे पाच प्रकार. "तुम्ही 'पित्तावर चांगलं' असं डबीवर वाचलंत," त्या म्हणाल्या, "ते कुठल्या पित्तावर, हे डबीला कसं कळणार?"

मग ज्येष्ठमधाचं प्रकरण सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, उपदेशही केला नाही. "मीसुद्धा देते ज्येष्ठमध. पण किती, किती दिवस आणि कुणाला, हे बघून. तुम्ही कुणाला विचारलं होतंत?" कुणालाच नाही. ते चूर्ण मला औषध वाटलंच नव्हतं ना.

त्या दिवसानंतर मी असे दुहेरी शब्द गोळा करायला लागले. धंद्याची खोड म्हणा. प्रकृती: आपण विचारतो 'प्रकृती कशी आहे', उत्तर 'बरी आहे', वैद्य विचारतात तेव्हा उत्तर 'वातप्रधान' किंवा 'कफप्रधान' असं असतं आणि ती जन्मभर तीच राहते. धातू: माझ्या डोळ्यांसमोर तांबं-लोखंड, त्यांच्या डोळ्यांसमोर रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे सात. गंमत म्हणजे भस्मांबद्दल बोलताना त्याच बाई तोच शब्द माझ्या अर्थाने वापरतात. स्नेह म्हणजे तेल-तूप. बस्ती म्हणजे एनिमा; 'त्यांची बस्ती चालू आहे' हे वाक्य वाचून मला आधी वसाहतच आठवली. आम म्हणजे अर्धवट पचून राहिलेलं, आमवातातला तो आम.

भावना हा शब्द मला आणखी एका कारणाने लागला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मजकुरात 'सात भावना दिलेले चूर्ण' असं आलं होतं. मी 'भावना'भोवती गोल करून समासात प्रश्नचिन्ह टाकलं होतं, शेजारी 'शब्द चुकला?' असं आगाऊपणे लिहिलंही होतं. लेखकाने शांतपणे 'बरोबर आहे' लिहून परत पाठवलं. काय बरोबर आहे ते मी तेव्हा विचारलं नाही. चूर्ण एखाद्या रसात किंवा काढ्यात भिजवून, खलून, वाळवायचं, ही एक भावना. सात वेळा केलं की सात. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या भावना देतात, तेव्हा तेवढ्याच चमच्यात औषध कितीतरी जास्त बसतं. म्हणजे हा शब्द मात्रेशी जोडलेला आहे, आणि मी त्याला छपाईची चूक ठरवत होते.

माझा सगळ्यात लाडका मात्र रसायन. एका खोक्यावर दर्शनी बाजूला, हिरव्या पानाच्या चित्राशेजारी छापलंय: रसायनविरहित. तेच खोकं मागे फिरवा: श्रेष्ठ रसायन. दोन्ही विधानं एकाच छापखान्यातून निघाली असणार. पुढचं रसायन म्हणजे केमिकल. मागचं म्हणजे शरीराचे धातू सुधारून म्हातारपण लांबवणारी चिकित्सा, आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. आता 'केमिकल नाही' याला काही अर्थ आहे का? ग्लिसरायझिन हे केमिकलच होतं आणि ते कुठल्या कारखान्यात नव्हे, जमिनीखाली तयार झालं होतं. 'नैसर्गिक' या शब्दाबद्दलचं माझं सगळं प्रेम त्या पोटॅशियमच्या बाटलीबरोबर संपलं. बचनाग नैसर्गिक आहे, कुचला नैसर्गिक आहे, आणि दोन्ही जहाल विषारी. म्हणून तर शुद्ध केल्याशिवाय ते वापरत नाहीत, आणि त्या प्रक्रियेला शोधन असा वेगळा शब्द आहे.

आणि रस. गोळीच्या नावाच्या शेवटी 'रस' असला की मला वाटायचं, कुठल्या तरी पाल्याचा रस आटवून केलेली असेल. रसशास्त्रात रस म्हणजे पारा. अशा नावाच्या गोळ्यांत बहुधा कज्जली, म्हणजे पारा-गंधक एकत्र खलून केलेली काळी भुकटी, किंवा हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचंच खनिज, असतो. सर्दी-तापाला सर्रास घेतल्या जाणाऱ्या त्रिभुवनकीर्ती रसात हिंगूळ आणि बचनाग दोन्ही असतात. ते वैद्याने नाडी-जीभ बघून दिलेलं वेगळं, आणि 'आमच्याकडे उरलंय, घे' म्हणून शेजारणीने दिलेलं वेगळं. मी ते दुसऱ्या मार्गाने दोनदा घेतलेलं आहे, कबूल करते.

काढा या शब्दात मी उगाच अडकले. पाण्यात काहीही टाकून उकळलं की आपण काढा म्हणतो. वैद्यबाईंनी पाच नावं सांगितली. ताज्या वनस्पतीचा पिळून काढलेला तो स्वरस, वाटून केलेली चटणीसारखी गोळी ती कल्क, सोळापट पाणी घालून ते चौथा किंवा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवलेला तो क्वाथ, रात्रभर थंड पाण्यात भिजवून गाळलेला हिम, आणि उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलेला फांट. म्हणजे माझा हर्बल चहा हा फांट. साल-मुळासारखं कठीण काही असलं तर ते आटवावं लागतं. सुगंधी पान-फूल आटवलं तर वास स्वयंपाकघराला आणि चोथा आपल्याला. मी इतकी वर्षं उलटंच करत होते. त्याच वनस्पती दारूच्या पाण्यात मुरवल्या की टिंक्चर, आणि अर्क आटवून वाळवला की घन किंवा एक्स्ट्रॅक्ट. घशाच्या गोळीवरचा तो 'घन' याच अर्थाचा होता.

इथे आकडे वाचायला शिकावं लागतं. डबीवर '10:1 एक्स्ट्रॅक्ट' असेल तर दहा ग्रॅम वनस्पतीपासून एक ग्रॅम. 'स्टँडर्डाइज्ड' असेल तर त्यातल्या एखाद्या द्रव्याचं प्रमाण दर वेळी तेच राहील असं सांगितलेलं असतं. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं द्रव्य, साधारण 3 टक्के. '95 टक्के कर्क्युमिनॉइड्स' लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये ती हळद जवळजवळ उरलेलीच नसते. हळद हजारो वर्षं वापरात आहे म्हणून ती कॅप्सूलही हजारो वर्षं वापरात आहे असं धरून चालणारे भेटतात, तेव्हा मी वही काढते.

होमिओपॅथीचं पान माझ्या भाच्याने लिहिलं. नवरा शिंकांसाठी 30 नंबरच्या गोळ्या घेतो. त्या संपल्या तेव्हा त्याला 200 नंबरच्या मिळाल्या आणि 'जास्त स्ट्राँग आहेत, अर्ध्या घेतो' असं त्याने स्वतःच ठरवलं. भाचा विज्ञान शाखेचा, जेवणाच्या टेबलावर कागद ओढून बसला.

"आत्या, बघ. एक थेंब औषध, 99 थेंब अल्कोहोल किंवा पाणी. ठोकून हलवायचं. ही झाली एक पायरी. त्यातला एक थेंब परत 99 मध्ये. ही दुसरी. असं 30 वेळा केलं की काकांची गोळी. म्हणजे एक भाग औषध आणि एकावर 60 शून्यं इतके भाग बाकीचं."

"आणि रेणू किती असतात सुरुवातीला?"

"एका मोलमध्ये, म्हणजे रेणू मोजायच्या ठरलेल्या मापात, सहावर 23 शून्यं, अंदाजे. बाराव्या पायरीलाच एकावर 24 शून्यं होतात. म्हणजे तिथेच बहुधा मूळ पदार्थाचा एकही रेणू उरत नाही. पुढच्या 18 पायऱ्या पाण्याच्या."

काका म्हणाले, "पण मला गुण येतो." भाचा म्हणाला, "येत असेल." वाद तिथेच थांबला, कारण पोळ्या गार होत होत्या.

होमिओपॅथीच्या परिभाषेत 200 ही वरची 'पोटेन्सी', कारण दर ठोक्यागणिक औषधाची शक्ती वाढते असं ती धरून चालते. रसायनशास्त्राला हे मान्य नाही. मला विचाराल तर मी शून्यांच्या बाजूला आहे. पण हाच शिक्का असलेल्या दुसऱ्या बाटलीबद्दल मी सावध असते: मदर टिंक्चर. त्यात विरळ काही नसतं, वनस्पतीचा सरळ अर्क असतो आणि अल्कोहोल असतं. 'होमिओपॅथीचं आहे, अपाय नाही' हे वाक्य पांढऱ्या गोळ्यांवरून उचलून या बाटलीला लावणं म्हणजे पुन्हा माझं ज्येष्ठमध. आणखी एक मजा: अ‍ॅलोपॅथी हा शब्दही होमिओपॅथीच्या जनकाने, जर्मन डॉक्टर सॅम्युएल हानेमान यांनीच घडवला, आपल्या विरोधकांना हिणवण्यासाठी. तो आपण आज इतक्या सहज वापरतो की आमच्या डॉक्टरांच्या पाटीखाली पेशंटसुद्धा 'अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर' म्हणतात. त्यांच्या पदवीत तो शब्द कुठेच नाही.

बाकीच्या नोंदी भराभर झाल्या. नॅचरोपॅथी म्हणजे औषधी वनस्पती असा माझा समज होता. तिचा मूळ भर पाणी, उपवास, सूर्यप्रकाश, आहार यांवर. ऑस्टिओपॅथी आणि कायरोप्रॅक्टिक या मणके-सांधे हातांनी दाबून-हलवून करायच्या उपचारपद्धती वेगळ्या, दोन्ही अमेरिकेत जन्मलेल्या, पहिली 1874ची, दुसरी 1895ची. कायरोप्रॅक्टिकवाले 'सबलक्सेशन' म्हणतात ते आणि हाडांचे डॉक्टर म्हणतात ते एक नव्हे. दुसरं एक्स-रेत दिसणारं, सांधा अर्धवट निखळलेला असतो. चिनी वैद्यकातलं 'यकृत' हेही शरीरातलं यकृत नव्हे, कामांचा एक गट आहे. तिथे कुणी 'तुमचं लिव्हर बिघडलंय' म्हटलं तर रक्त तपासून ते सापडणार नाही. अ‍ॅडाप्टोजेन (शरीराला ताण सोसायला मदत करते असं म्हणतात ती वनस्पती) हा शब्द प्राचीन वाटतो, पण तो 1947 साली सोव्हिएत संघात घडला.

इसेन्शियल ऑइल्सशी माझं वैयक्तिक वैर आहे. 'आवश्यक तेले' असं भाषांतर मी निदान तीन मजकुरांत पास केलेलं आहे. इसेन्शियल म्हणजे इथे आवश्यक नव्हे, इसेन्सचं, सुगंधी अर्काचं. ही उडून जाणारी, बाष्पनशील तेलं. 'आवश्यक' वाचून कुणी चमचाभर पोटात घेतलं असतं तर? निलगिरीचं तेल काही मिलिलिटर पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. ते तीन मजकूर आता कुठे आहेत कोण जाणे.

राहिलं ते हीलिंग क्रायसिस. त्यासाठी मी पूर्ण पान ठेवलं. औषध सुरू केल्यावर आधी बिघडणं असं खरंच असतं का? एका ठिकाणी असतं: सिफिलिससारख्या आजारात प्रतिजैविक दिलं की जंतू झपाट्याने मरताना काही तासांत ताप-थंडी भरते आणि बहुधा दिवसाभरात ओसरते. त्याला स्वतंत्र नाव आहे, यारिश-हर्क्सहायमर. तिथला आधार घेऊन हा शब्द कुठल्याही पुरळाला, जुलाबाला, सुजेला चिकटवला जातो. सूज उतरली तर औषध चांगलं. वाढली तर घाण निघतेय, म्हणजे औषध आणखी चांगलं. या शब्दात चूक सापडायला जागाच ठेवलेली नाही. मैत्रिणीवर राग नाही, तिने ऐकलेलं मला सांगितलं. शब्दावर आहे. त्याने माझे पंधरा दिवस खाल्ले. डिटॉक्सचं तसंच: इस्पितळात त्याचा अर्थ विष किंवा व्यसनाचा पदार्थ देखरेखीखाली शरीरातून काढणं, खोक्यावर त्याचा अर्थ काय, म्हणजे कुठलं टॉक्सिन, हे एकाही खोक्याने मला अजून सांगितलेलं नाही.

पर्यायी आणि पूरक यांतला फरक मला सुरुवातीला किरकोळ वाटला होता. पर्यायी म्हणजे नेहमीच्या उपचाराऐवजी, पूरक म्हणजे त्याच्या जोडीला. अमेरिकेतल्या या विषयाच्या सरकारी संशोधन केंद्राच्या नावात 1998पासून 'पूरक आणि पर्यायी' होतं; 2014 साली त्यांनी 'पर्यायी' काढून 'एकात्मिक' घातलं. मी स्वतःला पूरकवाली समजत होते, कारण गोळ्या मी कधी सोडल्या नव्हत्या. पण पूरक व्हायला एका बाजूला दुसरी बाजू माहीत असावी लागते. मी डॉक्टरांना चूर्ण सांगितलं नव्हतं आणि चूर्ण घेताना गोळ्यांचा विचार केला नव्हता. दोन्ही आपापल्या डब्यात.

मागच्या आठवड्यात नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा एका पानावर यादी नेली: नाव, लॅटिन नाव, भाग, कल्पना (चूर्ण, काढा की आणखी काही), मात्रा, अनुपान (कशाबरोबर घ्यायचं), कधीपासून. रक्तदाब 134/84. डॉक्टर यादी बघत संगणकात टाइप करत होते. चौथ्या ओळीवर थांबले.

"दशमूला... रिष्ट? हे अरिष्ट कसलं?"

"संकट नव्हे," मी म्हटलं. "काढा करून तो आंबवायचा. न उकळता आंबवलं तर आसव, काढा करून आंबवलं तर अरिष्ट. वैद्यबाईंनी दिलंय, महिनाभरासाठी. त्यांना तुमच्या गोळ्या दाखवल्यात."

"आंबवून म्हणजे यात अल्कोहोल असणार."

"असतं. आपोआप तयार झालेलं, साधारण 5 ते 12 टक्क्यांच्या मध्ये. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "स्पेलिंग सांगा," म्हणाले.